नवमीचं पान

आमच्या सोसायटीची सहल पितृपक्षात निघाली याचं कारण साधं होतं. त्या पंधरवड्यात लग्नं नसतात, साखरपुडे नसतात, त्यामुळे चांगली बस रविवारी मोकळी मिळते. कमिटीच्या बैठकीत मीच ही गोष्ट मांडली होती आणि सगळ्यांना पटली होती.

नव्वदीची मधली वर्षं होती ती. खांदेश्वरच्या बाजूला नवी वसाहत उभी राहत होती. आमची चार मजली इमारत, समोर अर्धवट रस्ता, पलीकडे पावसाळ्यात पाणी धरून राहणारी ओसाड शेतं. मी तळोज्याच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात होतो, वय सेहेचाळीस. घरात मी, बायको आणि माझी भाची. भाची म्हणजे कराडला असणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. मेहुणे गेल्यावर तिला नोकरीसाठी मी इकडे आणलं. बहिणीने तिला एसटीत बसवताना मला एवढंच सांगितलं होतं, "दादा, हिचं बघ." हिचं बघ म्हणजे लग्नाचं बघ. मुलगी तेवीस वर्षांची, शांत, पण बोलली तर नेमकं बोलणारी.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी स्थळ आणलं. वहिनींच्या यजमानांचा वाशीच्या एपीएमसी मार्केटात नारळाचा गाळा होता आणि ज्या वाडीतून त्यांच्याकडे नारळ येत, ती माणसं वहिनींच्या लांबच्या नात्यातली. मुलगा तिथे राहून वाडी बघत होता. माड, सुपारी आणि आता नवीन कोकोची लागवड. शहरातल्या लोकांना दिवसभर फिरवून बाग, धबधबा आणि कोको दाखवायचा, जेवण घालायचं, असा उद्योगही त्याने नुकताच सुरू केला होता.

"मुलगा स्वतः फिरवतो सगळ्यांना," वहिनी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सांगत होत्या. "पितृपक्षात बघण्याचा प्रोग्राम करता येत नाही ना, मग आपण सहलच तिकडे नेऊ. तो हिला बघेल, ही त्याला बघेल, बाकी कोणाला पत्तापण नाही. पसंत पडलं तर घट बसल्यावर बोलणी. नाही पडलं तर सहल झाली म्हणायचं. टेन्शनच नाही."

भाची आत भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे मी झाडं बघायची आणि त्यांनी मला."

वहिनी हसल्या. मलाही तेव्हा ही युक्ती सोयीची वाटली. नकार आला तर मुलीच्या माथी काही लागत नव्हतं.

बस सकाळी पावणेसातला निघाली. ड्रायव्हर नावड्याचा, पन्नाशीचा, बोलका माणूस. मी पुढच्या सीटवर होतो. पनवेल सोडल्यावर तो आरशातून मागच्या गडबडीकडे बघत मला म्हणाला, "सायेब, आज नवमी हाय, ठाव हाय ना? सवाशिनींची. माजी आये आमचा बाप जित्ता असताना गेली. आज घरान तिचा पान हाय. आन मी तुमाला धबधबं दाखवाला चाललोय."

"मग सुट्टी घ्यायची."

"सुट्टी घेतली तं तिच्या वड्यांना तेल कुठून आनू?" तो हसला. मग म्हणाला, "पन या दिवसान पान्यापाशी नको जावाला, असा आमची आये सांगाची."

माझीही आई वडिलांच्या आधी गेली होती. वडील असेपर्यंत भाद्रपदात अविधवा नवमीला आमच्या घरीही तिचं पान मांडलं जाई. बाहेरची एखादी सवाशीण जेवायला बोलवायची, तिची ओटी भरायची, जमलं तर साडीचोळी द्यायची. वडील गेले आणि ते बंद झालं. कारण नियमच तसा आहे. नवरा हयात असतानाच जी गेली तिची ही नवमी, आणि नवरा हयात असेपर्यंतच ती करायची. वडिलांच्या मागे आईचा वेगळा दिवस राहत नाही. ड्रायव्हरचं बोलणं ऐकून मला आईची आठवण आली, पाण्याचं बोलणं मी कानाआड केलं.

वाडीवर पोचायला दहा वाजले. रस्ता सोडल्यावर दोन्ही बाजूंनी सुपारी इतकी दाट होती की बसमध्ये एकदम अंधारून आलं आणि गाणी म्हणणाऱ्या बायका आपोआप गप्प झाल्या. फाटकापाशी मुलाचे वडील उभे होते. सत्तरीचे, ताठ, हसतमुख. त्यांनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं.

"चाळीस वर्षं ही वाडी आणि चाळीस वर्षं ही एकच बायको," ते आत उभ्या असलेल्या मुलाच्या आईकडे हात करून म्हणाले. "दोन्हींनी मला बदलू दिलं नाही."

"बदलून मिळाला असता तर मी सोडला असता का," आतून उत्तर आलं. सगळे हसले.

मुलगा जरा उशिराने आला. उंच, सावळा, एकतीस वर्षांचा असं वहिनींनी सांगितलं होतं. केस ओले होते. नमस्कार करताना त्याच्या मनगटाला दोन काळे तीळ चिकटलेले मला दिसले. पितृपक्ष आहे, सकाळी तर्पण केलं असेल, असं मनात आलं आणि मी पुढे झालो.

त्याने बाग नीट दाखवली. आधी माड, माडाखाली सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी, मध्ये जायफळाची झाडं. एका बाजूला फुलझाडांची रोपं, अबोलीचे वाफे, अनंताची कुंपणं. बायकांनी रोपं विकत घेण्यासाठी घोळका केला. मी त्याला आकड्यांचे प्रश्न विचारत राहिलो, माझी सवय. किती झाडं, एका झाडाला किती फळं, वर्षातून किती वेळा पाडतात, किती नारळ गळून वाया जातात. तो न अडखळता सांगत होता आणि मी मनात गुणाकार करून बघत होतो. शेवटी त्याने सांगितलेली वर्षाची बेरीज माझ्या बेरजेशी जुळली. गिऱ्हाइकासमोर फुगवून सांगणारे खूप बघितले होते. हा फुगवत नव्हता. तिथेच तो मला आवडला. भाचीही त्याला दोन-तीन गोष्टी विचारत होती, आणि तो तिच्याकडे न बघता, पण तिलाच उत्तर देत होता.

"लग्नाला इतकी वर्षं का थांबलात?" मी हळूच विचारलं.

"वाडी उभी करण्यात दिवस गेले," तो म्हणाला. आकडे सांगताना तो माझ्याकडे बघत होता. हे सांगताना त्याने झाडावरच्या मिरीचा एक घोस उगाच तोडला.

धबधबा वाडीच्या मागे होता. घरामागून पायवाट चढत जाते, पाणी ऐकू येऊ लागतं, मग काळ्या कातळावरून दोन टप्प्यांत पडणारं पाणी आणि खाली डोह. भाद्रपद संपत आला होता तरी पाणी भरपूर होतं. डोह फार मोठा नव्हता, पण त्याचा तळ दिसत नव्हता, आणि वरून एवढं पाणी पडत असूनही मध्यभागी एक हिरवा गोल तुकडा अगदी निवांत होता. अलीकडे दोन झाडांना नवा नायलॉनचा दोर बांधला होता.

"दोराच्या पुढे कोणी जायचं नाही," मुलगा म्हणाला. "पाय घसरतो."

आमच्यातल्या पोरांनी कुरकुर केली. एवढं पाणी बघायला आणायचं आणि भिजू द्यायचं नाही म्हणजे काय? तरुण मंडळींपैकी एकाने दोर उचलला. मुलगा ओरडला नाही, पण तो इतक्या पटकन त्याच्यासमोर येऊन उभा राहिला की त्या पोराने दोर सोडून दिला.

तेवढ्यात पायवाटेने घरातली थोरली सून आली. मुलाची वहिनी. तिचा नवरा आखातात नोकरीला आहे हे आम्हाला आधी सांगितलं होतं. बाई तिशीची, कृश, डोक्यावर पदर. तिच्या हातात केळीच्या पानाने झाकलेलं वाढलेलं पान होतं. ती दोराखालून वाकून पुढे गेली. तिला कोणी अडवलं नाही. डोहाच्या काठच्या एका सपाट कातळावर तिने पान ठेवलं, वरचं झाकण काढलं आणि मागे सरून उभी राहिली. पानावर भात, वडे, खीर. सगळं थोडं थोडं.

"अरे वा, इथेच जेवण?" कोणीतरी म्हणालं.

"पक्ष्यांसाठी," मुलगा म्हणाला.

आम्ही सगळे तिथेच रेंगाळलो. फोटो झाले. पान तसंच. वर झाडावर तीन-चार कावळे होते, ओरडतही होते, पण खाली एकही उतरेना. आमच्या खजिनदारांना गप्प बसवत नाही. ते म्हणाले, "यांचे कावळे पण आज पिकनिकला आलेत. आयतं जेवण पाहिजे, सर्व्हिससकट."

त्यावर आमच्यातले हसले. घरच्यांपैकी कोणी हसलं नाही. मुलगा मान वर करून कावळ्यांकडे बघत होता. थोड्या वेळाने त्याचे वडीलही काठी टेकत वर आले. त्यांनी पानाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, चपला काढल्या आणि दोराच्या अलीकडूनच हात जोडले. सकाळचा विनोदी म्हातारा आणि हा म्हातारा एक वाटेना.

पितृपक्षात कावळ्याला पान सगळेच ठेवतात, पण घराच्या कौलावर, विहिरीच्या कठड्यावर, परसात. एवढं चढण चढून डोहाशी कशाला?

अर्धा तास गेला. शेवटी मुलाच्या आईचा निरोप आला, "आता गाईला घाला ते पान आणि खाली या. लोक भुकेले आहेत." थोरल्या सुनेने पान उचललं. खाली उतरताना ती भाचीच्या बरोबरीने चालत होती. दोघी काहीतरी बोलल्या. मग ती पुढे निघून गेली.

भाची माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "मामा, त्या बाई मला विचारत होत्या, पोहता येतं का."

"मग?"

"नाही म्हटलं. तर म्हणाल्या, मग शिकून ये."

"शिकून कुठे ये?"

"तेच विचारलं मी. तोपर्यंत त्या पुढे गेल्या."

जेवण पडवीत होतं. सगळ्यांना पत्रावळी मांडल्या होत्या, पण माझ्या बायकोचं पान वेगळं होतं. केळीचं, पाटासमोर, भोवती रांगोळी. मुलाच्या आईने तिला हाताला धरून बसवलं. "तुम्ही आज आमच्या सवाशीण," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "मी बसले असते, पण मी पडले नात्यातली. बाहेरची लागते ना!"

वडे, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, अळू, कढी, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण कशात नाही. आमच्या लोकांनी ताव मारला. खजिनदार म्हणाले, सहलीचं जेवण असावं तर असं, पुढच्या वर्षी दोनदा येऊ. माझ्या बायकोने मात्र पहिल्या घासालाच माझ्याकडे पाहिलं. हे जेवण कसलं आहे हे तिला पान बघूनच कळलं होतं. आमच्या घरी तिने हेच जेवण अनेक वर्षं रांधलं होतं. पण पानावर बसवलेली सवाशीण उठत नाही. ती मुकाट्याने जेवली. जेवणानंतर तिची ओटी भरली, नारळ, तांदूळ, हळकुंड, आणि वर एक साडी. थोरल्या सुनेने ती घडी आतून आणून सासूच्या हातात दिली होती.

हात धुवायला मी मागच्या दगडापाशी गेलो तेव्हा बायको माझ्यामागे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"अहो, मी कुणाच्या नावाने जेवले?"

माझ्याही डोक्यात तेच चाललं होतं. हे गणित अवघड नव्हतं. या घरात एक सवाशीण गेलेली आहे आणि तिचा नवरा जिवंत आहे, नाहीतर आज हे पान मांडलंच नसतं. घरात पुरुष तीन. म्हाताऱ्यांची एकच बायको, ती वाढत होती. थोरल्याची बायको, ती साडी आणून देत होती. आणि ज्याचा बाप समोर उभा आहे अशा मुलाने पितरांना तीळ सोडायचे नसतात. मग सकाळी त्याच्या मनगटाला तीळ होते, ते कोणाला सोडून आला होता?

"त्याचं लग्न झालेलं आहे," मी म्हणालो.

"झालेलं होतं," बायको म्हणाली. तिने ओटीतली साडी जराशी उलगडून मला काठ दाखवला. मोरपंखी रंगाची, चांगली, घडी मोडलेली. "हे बघा. फॉल लावलेली आहे. पिको केलेली आहे. नवी साडी देताना कोणी फॉल लावून देतं का? ही कोणाची तरी आहे. नेसलेली आहे."

आम्ही दोघं तिथे उभे होतो आणि समोरच्या गोठ्यात गाय ते डोहावरचं पान खात होती.

मला त्या क्षणी बसमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. पण चाळीस माणसं बरोबर होती, अजून कोको बघायचा होता आणि भाची पुढे गेली होती. ती मुलाबरोबर चालत होती. तिला हाक मारून काय सांगायचं, तेही चारचौघांत? मी भराभर त्यांच्यामागे गेलो.

कोकोची लागवड घराच्या पलीकडे, माडांच्या सावलीत होती. ऊन तिथे पोचतच नव्हतं. बुटकी झाडं, मोठी लोंबती पानं, आणि फळं फांद्यांना नव्हे, थेट खोडाला लागलेली. पिवळी, तांबूस, पपईएवढी, खोडावर गळवं यावीत तशी. जमिनीवर वाळलेल्या पानांचा इतका जाड थर की पावलं वाजत नव्हती. मुलाने एक फळ कोयत्याने फोडलं. आत पांढऱ्या गरात गुंडाळलेल्या बियांची माळ. पोरांनी गर चोखला. आंबटगोड, लिचीसारखा. चॉकलेट कुठे आहे म्हणून एक पोर रडायला लागलं.

मग त्याने आम्हाला शेडमध्ये नेलं. तिथे एक लाकडी खोका होता, वर केळीची पानं दाबून बसवलेली. पानं बाजूला केल्याबरोबर शिरक्यासारखा वास नाकात गेला आणि वाफ आली.

"बिया गरासकट इथे झाकून ठेवायच्या," तो सांगत होता. "सहा दिवस. आपोआप तापतात. हात घालून बघा, गरम लागेल. मध्ये वरखाली करायच्या, पण उघड्या ठेवायच्या नाहीत."

आमच्यातल्या दोघांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. बाकीचे वासाने कंटाळून बाहेर गेले, फळं विकत घ्यायला. शेडमध्ये तो, मी, बायको आणि भाची एवढेच राहिलो. दारात त्याची आई येऊन उभी राहिली होती.

मला आडून बोलता येत नाही. मी विचारलं, "आज पान कोणाचं होतं?"

तो लाकडी फावड्याने बिया वरखाली करत होता. हात थांबला नाही.

"सांगायचंच होतं," तो म्हणाला. "घट बसल्यावर."

"किती दिवस झाले?"

"दीड वर्ष. लग्नाला दहा महिने झाले होते."

"पाय घसरला हो तिचा," आई दारातून म्हणाली. "डोहाशी शेवाळ फार. पाय घसरला."

भाचीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्याकडेच बघत होती. तिने विचारलं, "त्यांना पोहता येत होतं?"

"नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला येतं?"

"येतं."

"मग पोहता येत नसताना त्या एकट्या डोहाशी कशाला गेल्या?"

फावडं थांबलं. बाहेर पोरं ओरडत होती, कोणीतरी कोणावर कोकोचं साल फेकलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि तो आईकडे बघायला लागला. मी ते बघणं विसरलेलो नाही. बागेत प्रत्येक झाडाचा आकडा तोंडावर असलेला हा माणूस एका साध्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडाकडे शोधत होता.

"पाय घसरला म्हटलं ना," आई म्हणाली. आवाज गोडच होता. "मुलींनी फार खोदून विचारू नये. चला, चहा झालाय."

त्याने बियांवर परत केळीची पानं दाबून बसवली.

चहा आम्ही घेतला नाही. बसपाशी येईपर्यंत म्हातारे आमच्याबरोबर चालत आले. त्यांना आतलं सगळं कळलेलं दिसत होतं. फाटकाशी ते मला म्हणाले, "नशीब असतं एकेकाचं. पाय घसरला." त्याच दोन शब्दांत, त्याच सुरात. त्यांची थोरली सून मागे पडवीच्या खांबापाशी उभी होती. भाचीने बसच्या खिडकीतून तिच्याकडे पाहून हात हलवला. तिने हात हलवला नाही. फक्त बस वळेपर्यंत ती आत गेली नाही.

सुपारीच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं. वहिनी उठून आमच्या सीटपाशी आल्या. त्यांच्या पदरात कोकोची चार फळं होती, ती तशीच सांभाळत त्या वाकल्या.

"काय मग, आवडला का मुलगा?"

"तुम्हाला माहीत होतं," माझी बायको म्हणाली.

वहिनींनी इकडेतिकडे पाहिलं. "अहो, ॲक्सिडेंट तो. पाय घसरला असं कळलं आम्हाला. त्यात त्या पोराचा काय दोष? मूल नाही बाळ नाही, फ्रेशच समजायचं."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर बसमध्ये बसला असतात?"

बसलो नसतो. मी त्यांना एवढंच सांगितलं, "त्यांना कळवा, आमच्याकडून नाही."

"पोलीस पण बघून गेलेत सगळं, कागद झालेत," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही पोलिसांपेक्षा शहाणे?"

मी शहाणा नव्हतो आणि नाही. तिथे काय घडलं ते मला माहीत नाही. कदाचित पाय खरंच घसरला असेल. शेवाळ होतंच, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्या घरातल्या दोघांनी आणि बाहेरच्या एकीने तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगितली, आणि घरातल्याच थोरल्या सुनेने ती सांगितली नाही. तिने माझ्या भाचीला वेगळंच सांगितलं. आणि साडी आतून आणून देणारी तीच होती. एवढ्यावर मुलगी देता येत नाही.

पेणच्या पुढे पाऊस लागला. ड्रायव्हरने वायपर सुरू केला आणि मला विचारलं, "काय सायेब, गप झालाव? झाला ना धबधबा बगून?"

"झाला," मी म्हणालो.

त्यानंतर वहिनींचं आणि आमचं बोलणं वर्षभर बंद होतं. जिन्यात भेटलो तर त्या भिंतीकडे बघत. मी बहिणीला फोनवर एवढंच कळवलं की स्थळ जमलं नाही. साडी बायकोने पेटीत तळाशी ठेवली. ती नेसवत नव्हती, कोणाला देववत नव्हती आणि सवाशिणीला दिलेलं परतही करता येत नाही. भाचीने त्या हिवाळ्यात ऑफिसमधल्या एका मैत्रिणीबरोबर पोहायचा क्लास लावला. मी कारण विचारलं नाही. पहिले काही दिवस ती डोळे लाल करून घरी यायची, रात्री खोकायची. उन्हाळ्यापर्यंत तिला चांगलं पोहता यायला लागलं.

पुढच्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, वहिनी एका दुपारी आमच्याकडे आल्या. हातात वाटी होती, विरजण हवं होतं. वर्षाचा अबोला मोडायला विरजण बरं असतं. बायकोने त्यांना बसायला सांगितलं. भाचीची त्या दिवशी सुट्टी होती, ती खाली बसून कोथिंबीर निवडत होती.

वहिनी इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग सहज सांगितल्यासारखं म्हणाल्या, "त्या वाडीवाल्याचं जमलं बरं का. दिवाळीनंतरची तारीख आहे. मुलगी लांबची, पार मराठवाड्यातली. वडील नाहीत. भाऊ लहान आहेत. साधी माणसं, इतक्या लांबून चौकशीला कोण येतंय! बघा, त्याचं काही अडलं नाही."

बायकोने विरजण वाटीत घातलं.

भाचीने मान वर केली. "वहिनी, तिला पोहता येतं का, विचारलंत?"

वहिनींचा चेहरा बदलला. त्या उठल्या, पदर सावरला, दारात जाऊन चपला घातल्या. जिन्यावरून त्यांची पावलं वर जाताना ऐकू आली.

विरजणाची वाटी ओट्यावर तशीच राहिली. बायकोने संध्याकाळी ती रिकामी करून धुतली आणि आठवडाभर परत न्यायला कोणी येतंय का याची वाट पाहिली. मी त्या रात्री वहिनींच्या यजमानांकडून गोड बोलून मुलीकडच्यांचं गाव आणि पत्ता मिळवला आणि भाचीने पत्र लिहिलं. आमच्याकडे आलेली गोष्ट तिने जशीच्या तशी लिहिली, एक शब्द जास्त नाही. खाली आमचा पत्ता घातला. पत्र मी स्वतः पोस्टात टाकलं.

उत्तर आलं नाही. दिवाळी झाली, मार्गशीर्ष गेला. लग्न झालं की मोडलं हे वहिनींनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. भाद्रपद आला की नवमीला बायको पेटी उघडते, साडी बाहेर काढून उन्हात टाकते आणि संध्याकाळी परत ठेवते. आमच्या घरात आता कोणाचं पान नसतं. तरी त्या दिवशी भाचीचा फोन येतो, ती तिच्या घरी सुखात आहे, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती न चुकता विचारते, "मामा, पत्र आलं का हो कुठून?"